एसी एरर दाखवून बंद पडतो: गोव्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात एसीला नुसत्या उकाड्याशी झुंजून भागत नाही. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि लाइनच्या टोकाच्या घरांत होणारी विजेची चढउतार हेही सोसावं लागतं. एसी दुरुस्तीच्या कामात असल्यामुळे फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. बहुतेक उत्तरांत एक आग्रह दिसेल: कोड वाचून लगेच पार्ट बदलायला धावू नका. मशीन कधी बंद पडलं आणि त्या वेळी काय चाललं होतं, हे आधी बघा. खर्च वाचतो तो तिथेच.

पडद्यावर कोड आला आणि एसी बंद पडला. सगळ्यात आधी काय करू?

कोडचा फोटो काढा. एमसीबी (मेन बोर्डातला एसीच्या लाइनचा स्विच) पाडला की कोड पुसला जातो, आणि मग मेकॅनिकला सांगायला हातात काही उरत नाही. फोटोबरोबर थोडं लिहून ठेवा: चालू केल्यापासून किती वेळाने बंद पडला, बाहेर ऊन होतं की पाऊस, स्टॅबिलायझर असेल तर त्यावर किती व्होल्ट दिसत होते, बाहेरच्या युनिटचा पंखा फिरत होता का.

त्यानंतर रिमोटने एसी बंद करा, एमसीबी खाली करा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. परत चालू करून एकदाच बघा. कॉम्प्रेसर सुरू व्हायला तीनेक मिनिटं लागली तर घाबरू नका, ती मशीनची ठरलेली थांबण्याची वेळ आहे. तोच कोड पुन्हा आला तर मात्र तिथेच थांबा. दर वेळी एमसीबी पाडून, उचलून एसी रेटत राहिलात तर छोट्या बिघाडाचा मोठा होतो. जळका वास आला किंवा तडतड ऐकू आली तर ती एकदाची चाचणीही करू नका.

कोडचा अर्थ कुठे बघायचा? इंटरनेटवरचा तक्ता चालेल का?

तक्ता तुमच्याच कंपनीचा आणि तुमच्याच मॉडेलचा असेल तरच चालेल. डायकिनवर ‘यू४’ म्हणजे आतलं आणि बाहेरचं युनिट यांच्यातला संपर्क तुटला. एलजीवर तोच दोष ‘सीएच०५’ म्हणून दिसतो. ‘ई१’ तर सगळ्यात फसवा. एका कंपनीत तो गॅसचा दाब जास्त झाल्याचा असतो, दुसरीत संपर्क तुटल्याचा. कंपनी न बघता ‘ई१ म्हणजे काय’ असं शोधून आलेलं उत्तर तुमचं नसण्याचीच शक्यता जास्त.

मॉडेल नंबर आतल्या युनिटच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला चिकटवलेल्या पट्टीवर असतो. काही मशीनांना पडदाच नसतो. त्यांचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि थांबतो. ती लुकलुक मोजा किंवा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डायकिनच्या बऱ्याच रिमोटवर ‘कॅन्सल’ बटण पाच सेकंद दाबून धरलं की पडद्यावर शून्यं लुकलुकतात. मग तेच बटण एकेकदा दाबत जायचं. लांब बीप वाजली की त्या वेळी दिसणारा कोड तुमचा.

पडद्यावर दिसलेली अक्षरं म्हणजे एररच असते का?

नाही. एलजीवर ‘पीओ’ दिसलं तर ती जेट मोडची खूण आहे. ‘सीएल’ काही मशीनांवर चाइल्ड लॉकचं असतं, तर काहींवर आतल्या सफाईचं. अक्षरं दिसत असतानाही एसी थंड करत असेल तर आधी पुस्तिका उघडा.

कोडवरून कोणता पार्ट गेला हे कळत नाही का?

कळतं ते एवढंच की बोर्डाला (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, म्हणजेच पीसीबी) गडबड कुठे जाणवली. ती कशामुळे झाली हे कोड सांगत नाही. समजा कॉम्प्रेसरवर ताण आल्याचा कोड आहे. कॉम्प्रेसर खरोखर खराब असू शकतो, पण बाहेरची कॉइल (गॅस फिरतो ती नळ्यांची जाळी) धुळीने बुजली असेल, बाहेरचा पंखा मंद फिरत असेल, गॅस प्रमाणाबाहेर भरला असेल किंवा व्होल्टेज पडलं असेल, तरी कोड तोच येतो. यातली कॉइल पाण्याने धुता येते. कॉम्प्रेसर बदलायचा तर नव्या एसीचा विचार करावा लागतो.

सेन्सरच्या कोडचंही तसंच. सेन्सर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा छोटा मणी, दोन तारांच्या टोकाला लावलेला. तो स्वस्त असतो. पण कोड आला म्हणजे मणीच गेला असं नाही. त्याचा प्लग बोर्डावर सैल बसला असेल किंवा पिनेवर गंज चढला असेल, तरी बोर्डाला चुकीचाच आकडा मिळतो.

दुपारी तास-दीड तास चालतो आणि एरर देऊन बंद पडतो. रात्री मात्र ठीक चालतो. असं का?

मार्च ते मे या दिवसांत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बऱ्याचदा उत्तर बाहेरच्या युनिटपाशी सापडतं. खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत सोडणं हे त्या युनिटचं काम. ती सुटली नाही तर कॉइल तापत जाते, गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि एका मर्यादेला बोर्ड मशीन थांबवतो. रात्री बाहेरची हवा निवते, म्हणून तेच मशीन तेव्हा निभावून नेतं.

आधी कॉइलची मागची बाजू बघा. पंखा समोर असतो आणि हवा मागून ओढली जाते, त्यामुळे धूळ मागे बसते. समोरून बघणाऱ्याला युनिट स्वच्छच वाटतं. वास्कोत बंदराच्या बाजूच्या घरांत तिथे काळी पूड जमलेली असते, आणि मातीच्या रस्त्यालगत किंवा बांधकामाशेजारी लाल माती. समुद्रकाठी तीच धूळ मिठाच्या ओलीने घट्ट बसते, नुसत्या ब्रशने निघत नाही.

मग जागा बघा. फ्लॅटच्या गॅलरीला काच किंवा शटर लावून ती खोलीसारखी बंद केली आणि युनिट आतच राहिलं, तर ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतं. इमारतीच्या डक्टमध्ये एकावर एक टांगलेल्या युनिटांतही हेच होतं. वरच्याला खालच्यांची गरम हवा मिळते आणि वरच्या मजल्याचा एसी आधी बंद पडतो. पावसाळ्यात वरून घातलेलं ताडपत्रीचं आवरण कोणी काढलंच नाही, असंही आढळतं. युनिटमागे निदान वीतभर आणि पुढे हातभराहून जास्त मोकळी जागा हवी. नेमकं माप पुस्तिकेत असतं.

तुम्ही घरी करू शकाल अशी एक चाचणी आहे. एमसीबी बंद करा. युनिटपर्यंत सुरक्षित हात पोचत असेल तरच साध्या नळीने, हलक्या धारेने कॉइल मागच्या बाजूने धुवा. पाणी निथळू द्या आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी चालवून बघा. एरर आली नाही तर कारण सापडलं. आली, तर पंख्यासमोर हात धरा. हवा जोरात आणि गरम लागली पाहिजे. ती मंद असेल तर पंख्याची मोटर तपासायची, आणि साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या मशीनमध्ये पंख्याचा कपॅसिटरही. ते काम मेकॅनिकचं.

चालू केल्यावर लगेच, चार-पाच मिनिटांच्या आत बंद पडतो. याचा अर्थ काय?

इतक्या लवकर मशीन तापत नाही. तेव्हा कॉइल धुण्याआधी तारा, सेन्सर, पंख्याची मोटर आणि वीज यांच्याकडे बघायचं. संपर्क तुटल्याचा कोड असेल तर दोन्ही युनिटांना जोडणारी केबल पहिली तपासली पाहिजे.

मिरामारच्या बाजूला समुद्राकडे तोंड असलेल्या एका घरी नेमका हा कोड होता आणि दोन्ही बोर्ड बदलण्याचं अंदाजपत्रक त्यांना मिळालेलं होतं. बाहेरच्या युनिटचं बाजूचं झाकण काढल्यावर तारा जोडायची पट्टी दिसली. सिग्नलच्या तारेचा स्क्रू हिरवट पांढऱ्या पुडीने भरला होता. तार उपसून बघितली तर टोकाचं तांबं नखभर काळं पडलेलं. तेवढं टोक कापलं, पुढची तार सोलून नवं लग (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) दाबलं, पट्टी स्वच्छ केली, आणि बोर्ड न बदलता मशीन चालू झालं. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांनी बोर्डाचा खर्च मान्य करण्याआधी ही पट्टी डोळ्यांसमोर उघडून घ्यावी.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे केबलमधला जोड. फिटिंगच्या वेळी केबल तोकडी पडली की मधे जोड मारतात आणि तो तांब्याच्या पाइपाबरोबर टेपखाली गुंडाळून टाकतात. पहिल्या पावसात तिथे पाणी शिरतं. बऱ्याच इन्व्हर्टर मशीनांत दोन युनिटांमधला सिग्नल न्यूट्रलच्या आधाराने जातो, त्यामुळे न्यूट्रल कुठे सैल असेल तरी हाच कोड येतो.

पाऊस पडला की आरसीसीबी (करंट झिरपला की वीज तोडणारा स्विच) पडतो. मेकॅनिक म्हणाला, एसीची लाइन त्यातून काढून थेट देऊ. चालेल?

अजिबात चालणार नाही. आरसीसीबी पडतो म्हणजे करंट कुठून तरी जमिनीकडे झिरपतो आहे: ओल्या जोडातून, पाणी शिरलेल्या पट्टीतून किंवा कॉम्प्रेसरच्या गुंडाळीतून. संरक्षण काढलं तरी झिरपणं चालूच राहतं, आणि उद्या त्या ओल्या पत्र्याला घरातल्या कोणाचा तरी हात लागेल. इन्सुलेशन मेगरने (त्याचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्या, दोष सापडेपर्यंत त्या एसीचा एमसीबी खालीच ठेवा. एसी नसताना आरसीसीबी टिकतो का, हेही त्यातून कळेल.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि एसी एरर देतो. स्टॅबिलायझर लावला की झालं का?

घरची वीज साधारण २३० व्होल्टची असते. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी एकदम सुरू होतात आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या घरांत ती बरीच खाली येते. पण दोष लाइनचा की तुमच्याच घरातला, हे आधी पारखून घ्या. एसी बंद असताना व्होल्टेज बघा, मग चालू करून कॉम्प्रेसर जोर धरल्यावर परत बघा. एकट्या तुमच्या एसीने आकडा १५-२० व्होल्टनी कोसळत असेल तर कुठेतरी सैल जोड आहे, किंवा वायर बारीक आहे. प्लग टॉप हाताला गरम लागतो का, सॉकेट पिवळं किंवा काळं पडलं आहे का बघा. दीड टनाचा एसी एक्स्टेन्शन बोर्डावर चालवू नका.

एसी बंद असतानाही आकडा खालीच असेल आणि शेजाऱ्यांकडेही तसंच असेल, तर ते वीज खात्याचं काम. १९१२ वर तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या. एकट्याने तक्रार करण्यापेक्षा वाड्यावरच्या चार-पाच घरांनी करावी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या भाराकडे लक्ष जातं.

साध्या दीड टनाच्या एसीला ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावण्याची पद्धत आहे. इन्व्हर्टर एसी बराच खालचा-वरचा व्होल्टेज सोसतो, किती ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. तुमच्याकडचा आकडा त्या मर्यादेबाहेर जात असेल तरच स्टॅबिलायझर घ्या.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. घरातले काही दिवे एकाएकी प्रखर झाले आणि काही मिणमिणते, तर मेन स्विच ताबडतोब बंद करा. न्यूट्रल तुटल्याची ती खूण असते. अशा वेळी घरात २३० पेक्षा खूप जास्त व्होल्ट येऊ शकतात आणि एसीबरोबर फ्रीज, टीव्हीही जातो.

अर्थिंगचा एररशी काही संबंध असतो का?

थेट संबंध कमी वेळा असतो, पण अर्थिंग खराब असेल तर विजेचे धक्के आणि लाटा बोर्डावर जास्त बसतात. त्याहून मोठी गोष्ट माणसांच्या सुरक्षिततेची. आपल्याकडची चिऱ्याची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडीठाक होते आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग उन्हाळ्यात कमजोर पडतं. अर्थिंगच्या खड्ड्यात त्या दिवसांत पाणी घालत जा. वायरमनकडून वर्षातून एकदा, तेही उन्हाळ्यातच, ते मोजून घ्या.

वीज कडाडली आणि तेव्हापासून एसी मेला. काय गेलं असेल?

मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की दुसऱ्या सकाळी आमचे फोन वाजू लागतात. वीज थेट घरावर पडावी लागत नाही. लाइनवर आलेली लाट पुरते. नशीब असेल तर बोर्डावरचा फ्यूज आणि त्याच्याजवळची, लाट गिळणारी चकती, व्हॅरिस्टर, एवढंच जळतं. बोर्ड दुरुस्त करणारा चांगला कारागीर ते बदलून देतो. ढग दाटले की एसी रिमोटने बंद करून भागत नाही, एमसीबी खाली करा किंवा प्लग काढा. घराच्या मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवून घेतला तर उत्तम, पण त्याचा उपयोग अर्थिंग चांगलं असेल तरच होतो.

‘गॅस कमी आहे’ असं सांगून दर उन्हाळ्यात गॅस भरतात. दर वर्षी गॅस संपतो का?

संपत नाही. गॅस बंद नळ्यांत फिरत असतो, तो वापरात खर्च होत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गळाला. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक असलेल्या कळशीत पाणी ओतणं. डायकिनवर ‘यू०’ आणि एलजीवर ‘सीएच३८’ हे गॅस कमी असल्याचे कोड आहेत, पण ते दिसल्यावरही पुढचा प्रश्न ‘कुठून गेला’ हाच असला पाहिजे.

गळतीची पहिली जागा म्हणजे पाइप युनिटला जोडणारे फ्लेअर नट. तिथे तेलकट डाग दिसतो आणि साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. दुसरी जागा बाहेरची कॉइल. तांब्याची नळी, ॲल्युमिनियमची फिन (नळीवरच्या पातळ पट्ट्या) आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजत जातं. समुद्रकाठच्या जुन्या युनिटची फिन बोटाने चुरगळते. उष्णता नीट सुटत नाही ते एक, आणि पुढे मीठ नळीलाही खातं. तिसरी जागा आतली कॉइल. तिथे मुंगीच्या वारुळासारखी अतिसूक्ष्म भोकं तांब्याच्या आत पोखरत जातात. ओल, हवा आणि सेंद्रिय आम्लं यांनी हे होतं, आणि ती आम्लं ताज्या रंगातून, फर्निचरच्या गोंदातून, व्हिनेगरमधून, काही साफसफाईच्या द्रावणांतून येतात. नवीन फर्निचर केलेल्या बंद खोलीत रोज थोडा वेळ खिडक्या उघडा.

गॅस भरताना बघायच्या गोष्टी सांगतो. नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासली का? व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली का? गॅस वजनकाट्यावर मोजून भरला का? किती ग्रॅम हवा ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. नुसत्या दाबाच्या अंदाजाने भरलेला गॅस जास्त झाला तर पुन्हा दुपारी एरर येणारच. हल्लीच्या बऱ्याच मशीनांत आर-३२ हा गॅस असतो. ३० अंशांला, मशीन बंद असतानाही, त्याचा दाब सुमारे १८ बार असतो, जुन्या आर-२२ चा ११ च्या आसपास. शिवाय आर-३२ सौम्य ज्वालाग्राही आहे. गॅस आत असताना कोणी वेल्डिंगची ज्योत पेटवू लागला तर त्याला तिथेच थांबवा.

आतल्या युनिटवर बर्फ जमतो आणि मग एरर येते.

एसी बंद करून फक्त फॅन मोडवर ठेवा, बर्फ वितळू द्या, खोचून काढू नका. मग फिल्टर धुवा. हवा कमी गेली तरी बर्फ जमतो आणि गॅस कमी असला तरी जमतो. फिल्टर व आतला पंखा स्वच्छ करूनही जमला तर गॅसची गळती शोधायला लावा. फिल्टर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा.

सर्व्हिस करून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी एरर आली!

हे होतं, आणि त्यात बहुधा मोठा बिघाड नसतो. पंपाच्या जोरदार धारेने आतली कॉइल धुताना बोर्डाच्या प्लगांवर पाणी उडतं, किंवा कॉइलचा सेन्सर त्याच्या खोबणीतून निसटतो आणि हवेत लटकत राहतो. मग बोर्डाला कॉइलऐवजी हवेचं तापमान कळतं. ज्यांनी सर्व्हिस केली त्यांनाच बोलवा आणि सेन्सर जागेवर बसवून, प्लग सुकवून, परत दाबून द्यायला सांगा. त्यासाठी वेगळे पैसे मागू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या वेळी धुण्याआधी बोर्डाचा डबा प्लास्टिकने झाकला का, ते उभं राहून बघा.

आणि कॉइलवर ॲसिड मारू देऊ नका. ती क्षणात चकचकीत दिसते, पण फिनवरचा संरक्षक थर जातो आणि आपल्या हवेत मग तिचं आयुष्य घटतं.

बाहेरच्या युनिटमध्ये पाल मेलेली सापडली. तेवढ्याने एसी बंद पडतो?

पडतो. बोर्ड उबदार असतो, म्हणून पावसात पाली आणि मुंग्या तिथे शिरतात. पाल दोन टोकांवर आडवी पडली की शॉर्ट होतो. मुंग्या रिलेच्या पट्ट्यांमध्ये चिरडून संपर्क तुटतो. उंदीर केबल आणि पाइपावरचा फोम कुरतडतात. भिंतीतून पाइप जातो ते भोक पुटीने बुजवा आणि केबल वायर ओढायच्या पाइपातून घ्या. हवा जाण्याच्या वाटा मात्र बंद करायच्या नाहीत.

पीसीबी बदलायला सांगितलं आहे. खरंच गेला असेल का, कसं ओळखू?

चाचण्या विचारा. आत येणारी वीज किती आहे? सेन्सरचा रोध मोजला का, आणि तो त्या तापमानाला बरोबर आहे का? पंख्याची मोटर शॉर्ट नाही ना? इन्व्हर्टर मशीन असेल तर कॉम्प्रेसरच्या तिन्ही टोकांमधला रोध सारखा आहे का, आणि त्यातलं काही बॉडीला लागत नाही ना? शेवटचे दोन प्रश्न कळीचे. मोटर किंवा कॉम्प्रेसर शॉर्ट असेल तर नवा बोर्ड बसवल्याबरोबर तोही जळतो, आणि मग तुम्हाला सांगतात की ‘नवीन पार्टही फॉल्टी निघाला’. ज्याने हे सगळं मोजलं आहे तो आकडे सहज सांगतो. जो सांगत नाही त्याला पैसे देण्याआधी दुसऱ्या माणसाला दाखवा.

बदललात तर जुना बोर्ड मागून घ्या. तो दुरुस्त होण्यासारखा असेल तर पुढे उपयोगी पडतो. दुरुस्त करून घेतलेल्या बोर्डावर ओल रोखणाऱ्या लॅकरचा हात मारायला सांगा. गोव्यात त्याचा फायदा दिसतो.

चवथीला (गणेशचतुर्थीला) गावचं घर उघडलं. महिनोन्‌महिने बंद असलेला एसी एरर देतो. काय बघू?

खरं तर चालू करण्याआधीच बघायला हवं होतं, पण आताही उशीर नाही. एमसीबी खाली करा. बाहेरच्या युनिटवर वेल चढली आहे का, पंख्यात घरटं किंवा काडीकचरा आहे का, केबल कुरतडली आहे का बघा. फिल्टर काढून धुवा, त्यावर बुरशी असणारच. पाणी जाण्याच्या पाइपाचं बाहेरचं टोक मोकळं करा; कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधते. दमट दिवसांत दीड टनाच्या एसीतून तासाला एक-दोन लिटर पाणी निघतं. त्याला वाट मिळाली नाही तर ते भिंतीवरून खाली येतं.

यानंतर एमसीबी चालू करून एसी लगेच सुरू न करता दोनेक तास नुसती वीज मिळू द्या. काही मशीनांत कॉम्प्रेसरचं तेल या वेळात गरम होतं आणि बोर्डावरची ओलही थोडी सुकते. मग सुरू करा. चवथीत वस्तीवर एकदम माणसं येतात आणि व्होल्टेज पडतं, तेव्हा आकडा बघूनच पुढचं ठरवा. पुढल्या वेळेसाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून महिन्यातून एकदा अर्धा तास एसी चालवायला सांगितलात तर बराच त्रास वाचेल.

सोसायटीच्या जनरेटरवर एसी एरर देतो, विजेवर नाही.

जनरेटरची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झवर स्थिर नसेल किंवा भार वाढून व्होल्टेज डुलत असेल तर इन्व्हर्टर एसीचा बोर्ड ते ओळखून थांबतो. दोष एसीचा नाही. सोसायटीला जनरेटर तपासायला सांगा, तोवर त्यावर पंखेच चालवा.

मी स्वतः काय उघडू शकतो आणि काय नाही?

फिल्टर, समोरचं झाकण, पाण्याच्या पाइपाचं टोक आणि हात सुरक्षित पोचत असेल तर बाहेरची कॉइल, एवढं तुमचं. बाहेरच्या युनिटचं विजेचं झाकण तुमचं नाही. इन्व्हर्टर बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये एमसीबी पाडल्यावरही काही मिनिटं ३०० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकून युनिट धुण्याचं धाडस तर कोणीही करू नये, आणि मेकॅनिकलाही सेफ्टी बेल्टशिवाय उतरू देऊ नये.

वॉरंटीत आहे, तरी कंपनी ‘गंज म्हणजे वॉरंटी नाही’ म्हणते.

वॉरंटी कार्डावरच्या अटी वाचा. बऱ्याच कार्डांवर गंज आणि विजेची चढउतार वगळलेली असते, कॉम्प्रेसरला मोठी मुदत आणि बोर्डाला वेगळी. मात्र बिघाड गंजामुळेच झाला हे लेखी मागा, फोटोसकट. उत्तर पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते. बिल, कार्ड आणि पहिल्या दिवशी काढलेला कोडचा फोटो जवळ ठेवा.

दुरुस्त करू की नवा घेऊ?

बाहेरची कॉइल धड असेल आणि दोष सेन्सर, तार, कपॅसिटर किंवा पंख्याचा असेल तर डोळे मिटून दुरुस्त करा. फिन चुरगळत असेल, गॅस दोनदा गळला असेल आणि आता कॉम्प्रेसरवर बोट ठेवलं जात असेल, तर पैसे घालू नका.

नवा घेताना तांब्याची आणि संरक्षक थर दिलेली कॉइल बघा. समुद्राकाठी राहत असाल तर युनिट बसवायची जागा मशीनइतकीच नीट निवडा: वारा थेट येत नाही अशी भिंत, वर छोटं छज्जं, गंज न धरणारे स्टँड आणि नट-बोल्ट. पावसाळ्याचे महिने सोडून दर महिन्याला साध्या पाण्याने कॉइलवरचं मीठ धुऊन काढायचं. पावसात ते काम बरंचसं आपोआप होतं, पण छपराखालच्या युनिटला तो फायदा मिळत नाही, तेव्हा त्याला बाराही महिने धुवावं लागतं. जुने तांब्याचे पाइप तसेच ठेवण्याचा आग्रह कोणी धरला तर ते आतून साफ करून, नवे फ्लेअर मारून (पाइपाची टोकं पुन्हा फुलवून), दाबाखाली तपासून मगच नव्या मशीनला जोडू द्या.